विनोदी सिनेमा तुम्ही कुणाबरोबर बघता? (जुने, विसरलेले, थेटरातले, घरातले)

नवीपेठकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतोय.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. सगळी नोकरी केबिनमध्ये गेली. गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. दुपारची जेवणं झाली आणि तो कोपऱ्यात कानात हेडफोन घालून मोबाईलवर 'अशी ही बनवाबनवी' लावून बसला. अण्णा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "हा हसत का नाही रे?" भाच्याला विचारलं तर म्हणाला, "आवडलाय मामा, भारी आहे." आवडलाच होता त्याला, खोटं नव्हतं. पण तासभरात तोंडातून आवाज निघाला नव्हता.

त्या रात्री अण्णांनी केबिनमधली एक गोष्ट सांगितली. ती मी इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. केबिनमध्ये दोन मशिनी. एका वेळी दोन हजार फुटांचं रीळ चढवायचं. मिनिटाला नव्वद फूट जातात, म्हणजे वीस-बावीस मिनिटांत रीळ संपतं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसतो, त्याबरोबर दुसऱ्या मशिनीची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच बदल. चुकलं तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. वर उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळत असतात, त्यांचं अंतर सारखं सांभाळायचं. मशिनींचा खडखडाट एवढा की सिनेमातलं बोलणं धड ऐकू येत नाही. हशा मात्र काचेतून यायचा. अण्णा म्हणाले, "बनवाबनवी तीन-चार दिवस चालवला आणि मग मी ठिपक्याची वाट बघणं सोडलं. तिसरा मोठा हशा झाला की उठायचं, मोटरीपाशी जाऊन उभं राहायचं. लोक बरोबर त्याच ठिकाणी हसायचे. मॅटिनीला पण, रात्रीच्या खेळाला पण."

म्हणजे अण्णांनी तो सिनेमा जवळजवळ ऐकलाच नव्हता. त्यांनी सोलापूर ऐकलं होतं.

तेव्हापासून मला वाटतंय की विनोदी सिनेमा एकट्याने बघितला तर अर्धाच बघून होतो. रडका सिनेमा एकट्याने बघता येतो, भुताचा तर एकट्यानेच बघावा. विनोदाचं तसं नाही. तुमचं काय म्हणणं? कुठला विनोदी सिनेमा कुणाच्या शेजारी बसून बघितला होता? आणि सगळ्यांना पाठ असलेली चार-पाच नावं सोडून, मागे पडलेले कुठले सांगाल?

शेंगाचटणी

मस्त धागा दादा. आम्ही तीन घरची मिळून सतरा माणसं 'धूमधडाका'ला गेलो होतो. आत्या घरून कडक भाकरी आणि चटणी बांधून घेऊन आलती. इंटरव्हलला अख्ख्या ओळीला वास. बाकी सिनेमा तेव्हा किती कळला ते आठवत नाही, पण काका हसताना खुर्चीचा हात धरून वाकायचे ते आजबी डोळ्यासमोर हाय.

तिसरीघंटा

'धूमधडाका'चं नाव निघालंच आहे तर त्यातल्या एका प्रसंगाबद्दल लिहितो. सिनेमा काढायचं खूळ डोक्यात असलेला लक्ष्मीकांत बेर्डे शरद तळवलकरांना भुताची गोष्ट ऐकवतो तो. हा प्रसंग निदान तीन भाषांमध्ये आहे. मूळ १९६४चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यात नागेश सांगतो आणि बालैय्या ऐकतो. १९६६च्या 'प्यार किए जा'मध्ये मेहमूद सांगतो, ओमप्रकाश ऐकतो. मग १९८५ला महेश कोठारेंनी मराठीत आणला.

तिन्ही एकामागून एक बघा, मी बघितलेत. माझं ठाम मत असं की प्रसंग तोलून धरतो तो ऐकणारा. सांगणारा हातवारे करतो, आवाज काढतो, टाळ्या त्यालाच मिळतात. पण आपण हसतो ते समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा घसा कोरडा पडताना बघून. तळवलकर त्यात फार थोडं करतात. डोळे आणि गळ्याची घाटी, एवढंच. घरात लहान पडद्यावर आपण बोलणाऱ्याकडे बघतो आणि ऐकणारा सुटतो. थेटरात चेहरा दहा फुटांचा असतो, तो सुटत नाही.

शरद तळवलकर, दामुअण्णा मालवणकर, राजा गोसावी, सुधीर जोशी या माणसांवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. नायकांवर भरपूर लिहून झालंय.

मग्गमवाला

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू. माझी अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची आणि तिला मराठी बाजारापुरतंच यायचं. तरी ती दादा कोंडक्यांचे सिनेमे बघायला जायची. दुहेरी अर्थाचं तिला काही कळत नसणार. दादांची ती लोंबणारी नाडी, चालणं, मार खाल्ल्यावरचं तोंड यावर ती हसायची. शेजारी मराठी बायका संवादावर हसायच्या, ही अर्ध्या क्षणाने मागाहून, त्यांचं हसणं बघून परत हसायची. आपल्या गावात हे नेहमीचं. एकाच थेटरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारे. हशा एकदम फुटत नाही, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत जातो.

मागे पडलेला सिनेमा विचारलात, तर मराठी वाचकांसाठी मी 'मायाबझार' सांगीन. १९५७, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी. तेलुगू लोकांना तो विसरणं शक्य नाही, पण इथल्या मराठी मित्रांपैकी एकानेही बघितलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोष्ट तुम्हाला माहीत असलेलीच, आपलं वत्सलाहरण. बलरामाची मुलगी, अभिमन्यूशी जमलेलं लग्न मोडून दुर्योधनाच्या मुलाशी ठरवतात आणि घटोत्कच येऊन सगळा घोळ घालतो. एस. व्ही. रंगाराव घटोत्कच. लग्नाच्या जेवणावर ताव मारतानाचं त्यांचं गाणं आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत अजून वाजतं.

पण खरी मजा नायिकेचं काम करणाऱ्या सावित्रीची. घटोत्कच मायेने नवरीचं रूप घेऊन बसतो. म्हणजे सावित्रीने त्या मुलीचं काम करायचं आणि त्या मुलीच्या अंगात बसलेल्या राक्षसाचंही. लाजत मान खाली, आणि पुढच्या क्षणी मांडीवर हात मारून बसलेली. नवऱ्यामुलाचा हात हातात घेते आणि त्याचा चेहरा बदलतो, तिथे आमची अव्वा पदर तोंडात कोंबायची. २०१०ला हा सिनेमा रंगीत करून पुन्हा लावला होता. मला मात्र कृष्णधवलच आवडतो. चंद्रप्रकाशातला नौकेचा प्रसंग कॅमेरामन मार्कस बार्टलेने टिपलाय, तो रंगात हरवतो. भाषेची काळजी करू नका, गोष्ट पाठ आहे तुम्हाला.

जुनीप्रिंट

मी थोडा मागे जातो.

मराठी विनोदी सिनेमा म्हटलं की लोक ऐंशीच्या दशकापासून सुरुवात करतात. त्याच्या पन्नास वर्षं आधी कोल्हापुरात 'हंस पिक्चर्स'मध्ये मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे ही जोडी काय करत होती ते बघायला हवं. १९३८चा 'ब्रह्मचारी' मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखामुळे लक्षात राहिला, पण तो मुळात ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या तरुणाची थट्टा आहे आणि थट्टा अजून बोथट झालेली नाही. पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली'. एका निर्व्यसनी, भोळ्या कारकुनावर ब्रँडी शोधत फिरण्याची वेळ येते, एवढीच गोष्ट. नायक कोण, तर दामुअण्णा मालवणकर. रूपाने नायक न शोभणाऱ्या माणसाच्या खांद्यावर अख्खा सिनेमा द्यायचा, हे धाडस १९३९ला केलं या लोकांनी.

मग १९५२. राजा परांजप्यांचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' एकाच वर्षातले, दोन्हींत गदिमांची लेखणी. 'लाखाची गोष्ट'मध्ये मुलीचा बाप कंगाल तरुणाला लाख रुपये देतो आणि ठरावीक मुदतीत उडवून दाखव म्हणतो. पैसे मिळवणं अवघड हे सगळ्यांना माहीत असतं, पैसे संपवणं अवघड यावर तो सिनेमा उभा आहे. राजा गोसावी तेव्हा पुण्यात भानुविलास थेटरात बुकिंगच्या खिडकीवर नोकरीला होते. स्वतः नायक असलेल्या सिनेमाची तिकिटं त्यांनी स्वतः फाडून दिली. नवीपेठकरांच्या अण्णांना ही गोष्ट जरूर सांगा, त्यांना आवडेल.

१९५३चा 'गुळाचा गणपती' मात्र सगळ्यांनी बघावाच. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं पु. लं.चं. 'इंद्रायणी काठी' भीमसेनजींच्या आवाजात ऐकणाऱ्या बहुतेकांना ते गाणं एका विनोदी सिनेमातलं आहे हे माहीतच नसतं. मी तो पहिल्यांदा एकट्याने बघितला आणि मला तो संथ वाटला. दुसऱ्यांदा वडिलांच्या मित्रमंडळींबरोबर बघितला, पाच जण, सगळे सत्तरीच्या पुढचे. तेव्हा कळलं की वाक्यानंतर जी मोकळी जागा मला संथ वाटली होती ती हशासाठी सोडलेली होती. पु. लं.नी नाटकाच्या अंदाजाने मोजून ठेवलेली. खोलीत कुणी हसलंच नाही तर ती जागा रिकामी दिसणार.

विजापूररोड_ताई

सगळे थेटराच्या आठवणीत रमलेत म्हणून दुसरी बाजू मांडते.

माझी आई एकदा, लग्नानंतर लगेच, एका विनोदी सिनेमाला थेटरात गेली होती. थेटराचं नाव लिहीत नाही. प्रत्येक द्व्यर्थी वाक्याला पुढच्या रांगांतले पुरुष मागे वळून बायकांच्या खुर्च्यांकडे बघायचे. हसल्या का ते बघायला. आई सांगते, मी तीन तास चेहरा दगडासारखा ठेवला. विनोद कळत नव्हते असं नाही, कळत होते आणि हसायचीही इच्छा होती. तेव्हा एकत्र हसण्याची मजा सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही, हे नोंदवून ठेवा.

आई पहिल्यांदा मोकळेपणी हसली ती घरात. गल्लीत भाड्याने व्हीसीआर आणायचे, रात्रभर तीन कॅसेटा. पुरुषमंडळी झोपली की तिसरी कॅसेट बायकांची. 'गुपचूप गुपचूप' आणि 'एक डाव भुताचा' मी तसेच बघितले, मावशीच्या मांडीवर अर्धवट झोपेत. पडद्यावर रंजनाला हसताना बघून आई हसायची. रंजनाची विनोदाची जाण किती मोठी होती हे आता तरी बोला कुणीतरी. अशोक सराफांच्या समोर उभं राहून त्यांच्याइतकाच हशा घेणारी ती एकटी होती. अपघाताने तिचं काम ऐन भरात थांबलं.

आणि 'एक डाव भुताचा' मागे का पडला? १९८२चा. शिवकाळातलं मावळ्याचं भूत अशोक सराफ आणि साधासुधा मास्तर दिलीप प्रभावळकर. घाबरणारा आणि घाबरवणारा यांची मैत्री होते त्यात. पोरांना दाखवा, माझ्या मुलीने एका आठवड्यात चार वेळा बघितला.

नवीपेठकर

ताई, तुमचं वाचून आज आईला विचारलं. अण्णा टॉकीजमध्ये असून ती सिनेमाला फार कमी जायची. मला वाटायचं तिला आवड नाही. ती म्हणाली, "केबिनमध्ये बसून बघायचे कधीमधी. तिथं बरं वाटायचं." एवढंच बोलली आणि भाजी निवडायला लागली. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये "लोक बरोबर त्याच ठिकाणी हसायचे" असं मी लिहिलं होतं. त्यात तुमची आई नव्हती, माझीही नव्हती. धन्यवाद तुम्हाला.

सातरस्ता

२०२५ला 'अंदाज अपना अपना' पुन्हा लागला तेव्हा मी आवर्जून थेटरात गेलो. १९९४ला पहिल्यांदा आला तेव्हा चालला नव्हता, पुढे टीव्हीवर आणि कॅसेटवर लोकांनी डोक्यावर घेतला. यावेळी थेटरात काय झालं, तर प्रत्येक वाक्य पडद्याच्या आधी प्रेक्षकच म्हणत होते. उत्साह समजतो, पण माझ्या बहिणीने तो कधीच बघितला नव्हता आणि तिला एक विनोद धड ऐकू आला नाही. पाठ असलेला सिनेमा बघताना शेजारी पहिल्यांदा बघणारा कुणी असेल तर तोंड मिटून बसावं असं मला कळकळीने वाटतं. त्याचं पहिल्यांदाचं हसणं आपल्याला परत मिळत नसतं, निदान शेजारी बसून ऐकता तरी येतं.

हिंदीतून माझी भर: 'अंगूर', १९८२, गुलजार. दोन संजीवकुमार, दोन देवेन वर्मा, म्हणजे जुळ्यांच्या दोन जोड्यांचा घोळ. तो बऱ्याच जणांनी बघितलाय, पण त्याच गोष्टीवर आधी १९६८ला 'दो दूनी चार' आला होता, किशोरकुमार आणि असित सेन, लिखाण गुलजारांचंच. तो पडला. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की लेखक चौदा वर्षांत काय शिकला ते दिसतं. 'अंगूर'मध्ये कुणीच विनोद करायला जात नाही. संजीवकुमार सारखा संशयाने बघतो, देवेन वर्मा थंड उभा राहतो, आणि घोळ आपोआप वाढत जातो.

सई परांजप्यांचा 'कथा'ही बघा, १९८३चा. मूळ मराठी नाटकावरून केलेला, मुंबईच्या चाळीतला. 'चश्मे बद्दूर'च्या सावलीत राहिला.

गेंट्याल_चौक

घरी बघणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो, माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे.

पन्नासच्या दशकातले सिनेमे जवळपास चौकोनी असतात. नवीन टीव्ही ते ताणून पडदा भरून दाखवतो, मग राजा गोसावी बुटके आणि रुंद दिसतात. सेटिंगमध्ये चित्राचा आकार मूळ किंवा ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. उलट काही ठिकाणी वरचं-खालचं कापून पडदा भरलेला असतो, त्यात हातापायाचा विनोद जातो. घसरणाऱ्याचे पायच दिसत नसतील तर हसणार कशाला? डोकं किंवा पाय कापलेली प्रत दिसली की दुसरी शोधा.

आवाज: जुन्या सिनेमात खर्ज नसतोच. खर्ज कमी करून टाका, बोलणं स्वच्छ होतं. पंखा एक नंबर कमी. आणि मधेच थांबवून पाणी प्यायला उठू नका, लय तुटते.

गच्चीवर प्रोजेक्टर लावायचा तर पांढरं साधं बेडशीट चार कोपऱ्यांना ताणून बांधा. आपली सोलापुरी चादर नको, नक्षीवर चेहरे उमटत नाहीत. माझ्याकडे एक प्रोजेक्टर पडून आहे, हवा असेल तर न्या.

मग्गमवाला

मग लावूयाच की. नवीपेठकर, तुमच्या गच्चीवर जमेल का? भाषा सगळ्यांची वेगळी असेल तर चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' लावा. १९३६चा, दीड तासाच्या आत संपतो, बोलणं नावाला. आमच्या शेजारचे मामा मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते, त्यांना आणतो. त्यांना तो दाखवायची फार दिवसांची इच्छा आहे.

नवीपेठकर

रविवारी झालं. सविस्तर लिहितो, येऊ न शकलेल्यांसाठी.

बावीस माणसं आली. अण्णांनी बेडशीट स्वतः बांधलं, तीन वेळा सोडून परत ताणलं. सुरुवातीला मेंढ्यांचा कळप आणि मग कारखान्यात शिरणारी माणसं दिसतात, तिथे कुणी हसलं नाही. चॅप्लिन पट्ट्यावर नट आवळायला लागला तशी पोरं हसायला लागली. मोठी माणसं अजून गप्प होती. मग तो मुतारीत जाऊन विडी शिलगावतो आणि भिंतीवर मालकाचं तोंड उगवतं, कामावर जा म्हणून. तिथे मिलवाले मामा एकटे, एकदम, मोठ्याने हसले. हसता हसता तेलुगूत काहीतरी म्हणाले. मग्गमवाल्यांनी सांगितलं, "आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, असाच यायचा म्हणतायत." त्यानंतर गच्ची जी सुटली ती शेवटपर्यंत. जेवू घालायच्या यंत्राच्या वेळी मामांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

चॅप्लिन यंत्राच्या दात्यांमधून फिरतो तिथे मात्र मामा हसले नाहीत. पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. नंतर मी विचारलं तर उजव्या हाताचं बोट दाखवलं, वरचं पेर नाही. एवढंच. पुढच्या प्रसंगाला परत हसत होते.

शेवटाकडे तो हॉटेलात गाणं म्हणतो, शब्द विसरतो आणि कुठल्याच भाषेत नसलेलं काहीबाही म्हणतो. चॅप्लिनचा आवाज पडद्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो तिथे. बावीस माणसांत चार भाषा होत्या आणि ते गाणं सगळ्यांना सारखंच कळलं. आई खुर्ची सोडून पुढे सतरंजीवर येऊन बसली होती, विजापूररोड ताईंच्या मुलीच्या शेजारी.

अण्णा पूर्ण वेळ प्रोजेक्टरपाशी उभे. बसा म्हटलं तर बसेनात. सगळे गेल्यावर बेडशीट सोडताना म्हणाले, "मधे काच नव्हती आज."

पुढचा 'गुळाचा गणपती' ठरलाय, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, रात्री आठला. खुर्च्या कमी पडल्या, येताना सतरंजी आणा. शेंगाचटणी, आत्याला घेऊन या, आणि ती भाकरीही.

शेंगाचटणी

आत्या तयार हाय. किती माणसांची भाकरी ते शनिवारपर्यंत सांगा.